बदनाम जनुकाचे खरे काम

चोराने सुताराची पटाशी पळवली, तिने कुलूप उचकटले आणि गावाने मात्र त्या दिवसापासून सुतारालाच चोर म्हणायला सुरुवात केली, तर तो अन्याय म्हणावा लागेल. मानवी जनुकांच्या यादीत असा अन्याय वाट्याला आलेली काही नावे आहेत. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘ईएलएल’ हे जनुक त्यांपैकी एक होय. ‘इलेव्हन-नाइन्टीन लायसिन-रिच ल्युकेमिया’ असे त्याचे पूर्ण नाव. अकरा आणि एकोणीस हे गुणसूत्रांचे क्रमांक, लायसिन हे प्रथिनांच्या घडणीतील एक अमिनो आम्ल आणि ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. हे जनुक रोगाच्या निमित्ताने प्रथम शास्त्रज्ञांच्या नजरेस पडले, म्हणून रोगाचेच नाव त्याला चिकटले.

वस्तुतः हे जनुक प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात असते. त्याची एक प्रत आईकडून आलेली असते, दुसरी वडिलांकडून. त्याच्या सूचनेनुसार तयार होणारे प्रथिन एक साधे, पण अत्यावश्यक काम करते. पेशीत इतर जनुकांच्या नकला उतरवल्या जात असताना ते काम मध्येच अडखळू नये, याची ते काळजी घेते. हेच काम भलत्या जागी होऊ लागले की काय अनर्थ ओढवतो, याचा उलगडा गेल्या तीन दशकांत टप्प्याटप्प्याने झाला. त्यातून ल्युकेमियाचा एक अत्यंत चिवट प्रकार कसा उद्भवतो, हेही समजू लागले.

नक्कल कशी उतरते?

मानवी पेशीतील डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो आणि त्यात प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके असतात. एखाद्या जुन्या ग्रंथालयात दुर्मीळ पोथी बाहेर नेऊ देत नाहीत, हवा तो भाग तेथेच बसून उतरवून घ्यावा लागतो. पेशीतही तसेच आहे. डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहतो. ज्या प्रथिनाची गरज असेल, त्याच्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात उतरवली जाते आणि ती केंद्रकाबाहेर प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेकडे जाते. या नक्कल उतरवण्याच्या प्रक्रियेला प्रतिलेखन म्हणतात. ‘आरएनए पॉलिमरेज-२’ नावाचे विकर हा त्यातील नक्कलनवीस. सजीवांच्या पेशीत हे काम कसे चालते, याचा रेणूंच्या पातळीवर छडा लावल्याबद्दल अमेरिकेतील रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिलेखनाचे तीन टप्पे असतात. पहिला आरंभाचा, दुसरा नक्कल लांबत जाण्याचा म्हणजेच दीर्घीकरणाचा आणि तिसरा समाप्तीचा. कोणते जनुक केव्हा चालू होणार, याचा सारा निर्णय पहिल्याच टप्प्यात होतो, असे दीर्घ काळ मानले जात होते. एकदा नक्कलनवीस कामाला बसला की तो शेवटपर्यंत लिहीतच जाणार, असा तो समज होता. १९८०च्या दशकात या समजाला धक्का बसला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉन लिस आणि त्यांचे सहकारी फळमाशीच्या पेशींचा अभ्यास करीत होते. उष्णतेपासून पेशीचा बचाव करणाऱ्या एका जनुकावर हे विकर आधीच येऊन बसलेले आणि थोडीशी अक्षरे उतरवून थबकलेले त्यांना आढळले. उष्णता वाढताच ते पुढे निघे. फलाटावरून सुटलेली लोकल काही अंतरावर सिग्नलसाठी थांबून राहावी, तसाच हा प्रकार. पुढे माणसासह अनेक प्राण्यांच्या असंख्य जनुकांवर असाच थांबा असल्याचे दिसून आले. आरंभापासून साधारण २० ते ६० अक्षरांच्या अंतरावर तो असतो.

वाटेतही अडथळे असतातच. नळीत केवळ शुद्ध विकर आणि डीएनए घेऊन प्रयोग केला, तर नक्कल मिनिटाला काहीशे अक्षरांच्या गतीने रखडत चालते. जिवंत पेशीत मात्र ही गती मिनिटाला दोन हजार अक्षरांच्या आसपास असते. याचा अर्थ, पेशीत या विकराला हात देणारे कोणीतरी असले पाहिजे. या मदतीचे मोल लांबलचक जनुकांकडे पाहिले की कळते. स्नायूंना आवश्यक असलेल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचे जनुक २० लाखांहून अधिक अक्षरांचे आहे. त्याची एक नक्कल उतरवायला सुमारे १६ तास लागतात. त्यात नक्कलनवीस मध्येच गळून पडला, तर अर्धवट नक्कल वाया जाते आणि सारे काम पहिल्या अक्षरापासून सुरू करावे लागते.

जेवणाच्या टेबलावरचा शोध

ईएलएल जनुकाची कथा मात्र या संशोधनापासून दूर, रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासातून सुरू होते. शिकागो विद्यापीठातील डॉ. जॅनेट रोली या १९७०च्या दशकाच्या प्रारंभी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या गुणसूत्रांची छायाचित्रे तपासत होत्या. छायाचित्रांतील गुणसूत्रे कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडत आणि जोड्या लावत. आई कागदी बाहुल्यांशी खेळते, अशी मुले त्यांची थट्टा करीत. या जुळवाजुळवीतूनच १९७२ मध्ये त्यांच्या लक्षात आले, की काही रुग्णांच्या कर्करोगी पेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले गेले आहेत. पुस्तक बांधणाऱ्याने दोन ग्रंथ उसवावेत आणि एकाची पाने दुसऱ्याला शिवून टाकावीत, तशी ही अदलाबदल. तिला स्थानांतरण म्हणतात. कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांच्या विशिष्ट चुकांत असू शकते, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. पुढे हाच विचार कर्करोगशास्त्राचा एक आधार ठरला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते रोली यांचा सर्वोच्च नागरी सन्मानाने गौरव झाला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्थानांतरणाच्या या नोंदींत एक जागा वारंवार येऊ लागली. ती होती अकराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील ‘११ क्यू २३’ या क्रमांकाची पट्टी. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तेथे तुटणारे जनुक सापडले. त्याला ‘मिक्स्ड लिनिएज ल्युकेमिया’ या नावावरून ‘एमएलएल’ म्हटले गेले. आज त्याचे अधिकृत नाव ‘केएमटी२ए’ असे आहे. रक्तपेशींच्या बाल्यावस्थेत लागणारी काही जनुके योग्य काळापर्यंत चालू ठेवणे, हे या जनुकाच्या प्रथिनाचे एक प्रमुख काम. पेशी परिपक्व होताना ती जनुके बंद व्हावी लागतात.

हे जनुक तुटल्यावर त्याचा अर्धा भाग कोणाशी जोडला जातो, याचा शोध सुरू झाला. १९९४ मध्ये रोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांतील असा एक जोडीदार शोधून काढला. तो एकोणिसाव्या गुणसूत्रावर होता आणि तोपर्यंत कोणालाही माहीत नव्हता. त्यालाच ईएलएल हे नाव मिळाले. एमएलएलचा पुढचा अर्धा भाग आणि त्यापाठोपाठ ईएलएलचा जवळजवळ संपूर्ण मजकूर, असे एक नवेच जोडप्रथिन या पेशींत तयार होत होते. पण ईएलएल मुळात काय काम करते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

१९९६ मधील उलगडा

हे उत्तर दुसऱ्याच प्रयोगशाळेतून आले. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे जोन आणि रोनाल्ड कॉनवे हे शास्त्रज्ञ दांपत्य नक्कलनवीस विकराला हात देणाऱ्या प्रथिनांच्या मागावर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत अली शिलातिफर्ड हे तरुण संशोधक काम करीत होते. या गटाने १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले, की ईएलएलचे प्रथिन हे दीर्घीकरण घटक आहे. नक्कल उतरवताना विकर जागोजागी क्षणभर थबकते. ईएलएल हे थबकणे कमी करते आणि त्यामुळे एकूण गती वाढते.

याची क्रिया समजण्यास फारशी अवघड नाही. विकराच्या आत एक सूक्ष्म जागा असते, तेथे नव्या नकलेचे टोक बरोबर बसलेले असेल, तरच पुढचे अक्षर जोडले जाते. हे टोक अधूनमधून घसरते आणि काम थांबते. ईएलएल हे टोक जागच्या जागी राखण्यास मदत करते. पुढे याच कुळातील ईएलएल२ आणि ईएलएल३ ही भावंडे सापडली. त्यांपैकी ईएलएल२ हे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींत विशेष महत्त्वाचे असते. ईएलएलची आणखी एक उपयुक्तता २०१३ मध्ये पुढे आली. अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली की नक्कल थांबते. दुरुस्ती झाल्यावर ते काम पुन्हा सुरू होण्यासाठी ईएलएल लागते, असे त्या वर्षी दाखवून देण्यात आले. फळमाशीत तर या जनुकाचा अवतार पूर्णपणे निकामी झाला तर माशीची वाढच होऊ शकत नाही. ल्युकेमियाचे नाव मिरवणारे हे जनुक प्रत्यक्षात जीव घडवणाऱ्यांच्या पंगतीतले आहे.

एक रोग, शंभर जोडीदार

दरम्यान एक वेगळेच कोडे मोठे होत चालले होते. एमएलएल तुटून केवळ ईएलएलशी नव्हे, तर निरनिराळ्या गुणसूत्रांवरील अनेक जनुकांशी जोडले जात असल्याचे दिसत होते. आज अशा जोडीदारांची संख्या शंभराच्या घरात गेली आहे. चौथ्या गुणसूत्रावरील एएफ४, नवव्यावरील एएफ९, एकोणिसाव्यावरीलच ईएनएल अशी ही नावे. यांतील बहुतेक प्रथिनांची रचना एकमेकांशी मिळतीजुळती नव्हती. मग इतके भिन्न जोडीदार असूनही होणारा रोग जवळजवळ एकच कसा?

याचे मोठे उत्तर २०१० मध्ये मिळाले. शिलातिफर्ड तेव्हा कॅन्सस सिटी येथील स्टोवर्स संस्थेत होते. त्यांच्या गटाने या जोडप्रथिनांच्या भोवती कोणकोणती प्रथिने गोळा होतात, हे तपासले. तेव्हा दिसले, की ईएलएल, एएफ४च्या कुळातील एएफएफ४, एएफ९, ईएनएल ही सारी एकाच मोठ्या संचाचे घटक आहेत. या संचात ‘पी-टेफबी’ नावाचे आणखी एक प्रथिन असते आणि सुरुवातीच्या सिग्नलवर थांबलेल्या विकराला पुढे सोडण्याचे काम ते करते. या समूहाला ‘सुपर इलाँगेशन कॉम्प्लेक्स’ म्हणजे महादीर्घीकरण संच असे नाव देण्यात आले. अन्य प्रयोगशाळांनाही त्याच सुमारास असेच निष्कर्ष मिळाले.

कोड्याचा मोठा भाग आता सुटला. जोडीदार वेगवेगळे असले, तरी त्यांतील सर्वाधिक आढळणारे एकाच दिंडीतले वारकरी निघाले. त्यांपैकी कोणाचाही हात एमएलएलला बांधला गेला, की मागोमाग सारी दिंडी येते. एमएलएलचा पुढचा भाग ज्या जनुकांवर जाऊन बसतो, तेथे हा संच ठाण मांडतो आणि तेथील सिग्नल कायमचा हिरवा होतो. पेशी परिपक्व होताना जी जनुके बंद व्हायची, ती चालूच राहतात. रक्तपेशी कोवळ्याच राहतात, वाढत राहतात आणि अस्थिमज्जा व्यापून टाकतात. यालाच ल्युकेमिया म्हणतात. सर्वच जोडीदार या संचातील नाहीत. काही वेगळ्या मार्गाने हाच परिणाम साधतात. पण रुग्णांमध्ये वरचेवर आढळणाऱ्या अनेक जोडीदारांचे कोडे या एका शोधाने सुटले.

या संचाचा आणखी एक गैरवापर त्याच वर्षी उघड झाला. एड्सचा विषाणू आपले जनुक माणसाच्या गुणसूत्रात घुसवतो, परंतु त्याची नक्कल सुरुवातीलाच अडते. तेव्हा विषाणूचे ‘टॅट’ हे प्रथिन पी-टेफबीला ओढून आणते, हे १९९०च्या दशकातच कळले होते. टॅटसोबत ईएलएल२ आणि संचातील इतर घटकही येतात, हे २०१० मध्ये दिसले. २०१५ मध्ये एएफएफ४ या घटकातील जन्मजात बदलामुळे होणारा ‘चॉप्स’ हा विकार परस्परांशी नाते नसलेल्या तीन रुग्णांत आढळला. बदललेले प्रथिन पेशीत लवकर नष्ट होत नाही, साठत जाते आणि त्याचा परिणाम हृदय, फुप्फुसे, उंची व बौद्धिक वाढ यांवर होतो. नक्कल पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेला मोजमापाची किती गरज असते, हे या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

औषधाची दिशा

एमएलएल जनुक तुटल्यामुळे होणारा ल्युकेमिया नेहमीच्या केमोथेरपीला सहज दाद देत नाही. एक वर्षाखालील बालकांना होणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत हे जनुक तुटलेले आढळते. ईएलएलशी झालेली जोडणी मात्र बहुतांशी प्रौढांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात दिसते. इटोपोसाइडसारखी काही कर्करोगविरोधी औषधे डीएनएचे धागे तोडून काम करतात. ती घेतलेल्या थोड्या रुग्णांत काही वर्षांनी एमएलएल तुटून दुसरा ल्युकेमिया उद्भवतो. पहिल्या कर्करोगातून जीव वाचवणारे औषध म्हणून त्यांचा उपयोग यामुळे कमी होत नाही. मात्र अशा रुग्णांनी उपचारांनंतरही नियमित तपासणी चालू ठेवणे अगत्याचे ठरते.

महादीर्घीकरण संचच बंद पाडावा, हा विचार सहज सुचणारा आहे. पण अडचण अशी, की निरोगी पेशींनाही तो लागतो. २०१८ मध्ये शिलातिफर्ड यांच्या गटाने या संचातील दोन घटकांची पकड सैल करणारे लहान रेणू तयार केले आणि उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगाची वाढ मंदावल्याचे दाखवले. रुग्णांपर्यंत प्रथम पोहोचले ते मात्र दुसऱ्या टोकाकडून आलेले औषध. जोडप्रथिनातील एमएलएलचा भाग डीएनएवर बसण्यासाठी ‘मेनिन’ या प्रथिनाचा आधार घेतो, हे २००५ मध्ये सिद्ध झाले होते. हा आधारच काढून घेतला, तर सारी दिंडी मुक्कामाच्या जागी पोहोचणारच नाही.

या तत्त्वावर आधारलेल्या ‘रेव्ह्युमेनिब’ या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. एमएलएल जनुक तुटलेल्या, आजार उलटलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या, एक वर्ष व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी ही मान्यता होती. ज्या चाचणीवर ती आधारलेली होती, तीत १०४ रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के रुग्णांच्या रक्तातून व अस्थिमज्जेतून रोगाची लक्षणे दूर झाली. ही सुधारणा टिकण्याच्या कालावधीचा मध्यांक ६.४ महिने होता. हे आकडे वरवर लहान वाटतील. परंतु इतर उपाय थकलेल्या रुग्णांतील हे आकडे आहेत आणि मिळालेल्या अवधीत त्यांच्यापैकी काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत पोहोचता आले. काही रुग्णांत मेनिनच्या जनुकात बदल होऊन औषध निष्प्रभ ठरते, हेही २०२३ मध्ये दिसून आले. त्यामुळे हा लढा एका गोळीने संपणारा नाही.

अहवाल वाचताना

ल्युकेमियाचे निदान झाल्यावर रुग्णाच्या हाती येणाऱ्या अहवालात ‘११ क्यू २३’ किंवा ‘केएमटी२ए रिअरेंजमेंट’ असे शब्द असू शकतात. ‘फिश’ नावाच्या चाचणीत एमएलएल जनुकाच्या दोन्ही टोकांना दोन रंगांचे चमकते ठिपके लावतात. जनुक अखंड असेल तर ठिपके शेजारी दिसतात, तुटलेले असेल तर एकमेकांपासून दूर गेलेले दिसतात. जोडीदार ईएलएल आहे की अन्य कोणी, हे त्यापुढील तपासण्यांतून कळते आणि उपचारांची आखणी करताना या माहितीचा विचार होतो.

या शब्दांनी घरातील माणसे हवालदिल होतात. आपल्याकडून मुलाला काही वाईट वारसा गेला का, हा प्रश्न आईवडिलांना छळतो. त्यावर विज्ञानाचे उत्तर स्पष्ट आहे. ही अदलाबदल वंशपरंपरेने आलेली नसते. रक्त घडवणाऱ्या एखाद्या पेशीत ती अपघाताने होते आणि त्या पेशीच्या वंशजांपुरतीच मर्यादित राहते. अगदी तान्ह्या बाळांत ती गर्भावस्थेतच झालेली असू शकते, तरीही ती आईबापांच्या जनुकांतून आलेली नसते. कोणाच्या आहाराचा, वागण्याचा वा कुळाचा दोष तेथे शोधण्यात अर्थ नाही.

ईएलएलच्या नावातील ल्युकेमिया हा शब्द आता बदलणार नाही. शास्त्रीय साहित्यात तो रुळला आहे. पण त्याच रुग्णाच्या इतर पेशींत, जेथे गुणसूत्रे तुटलेली नाहीत, तेथे हेच जनुक निमूटपणे आपले नेमून दिलेले काम करीत असते. त्वचेत, यकृतात, स्नायूंत अडखळलेल्या नक्कलनवीसाला ते हात देते आणि मजकूर पुढे सरकतो. गावाने चोर ठरवलेला सुतार आपल्या पडवीत बसून रोजचे रंधाकाम करीतच असतो.